ठगांच्या टोळीपासून 'मोक्का'पर्यंत : महाराष्ट्रातील कायद्यात गुन्हेगारी टोळीची संकल्पना

प्रस्तावना

'टोळी' हा मराठीत मुळात निरुपद्रवी शब्द आहे. ऊसतोड मजुरांची टोळी असते आणि तिचा मुकादम असतो. परंतु हाच शब्द दंडविधानात येतो तेव्हा त्याचा अर्थ पालटतो, कारण टोळीत असणे हाच तेथे गुन्हा ठरतो. ज्याने त्याने आपल्या कृत्याची शिक्षा भोगावी, हे फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व आहे. टोळीविषयक कायदा हा या तत्त्वाला शासनाने केलेला अपवाद होय. हा अपवाद कोणत्या शब्दांत केला गेला आणि टोळी ओळखण्याची कसोटी काळानुसार कशी बदलली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. वसाहतकालीन कायद्यांतील टोळीच्या संकल्पनेचे स्वरूप पाहणे.
२. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात या संकल्पनेत झालेले बदल अभ्यासणे.
३. १९९९ च्या संघटित गुन्हेगारीविषयक कायद्यातील व्याख्येची चिकित्सा करणे.

व्याख्येविना शिक्षा : १८३६ ते १८६०

ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८३६ मध्ये संमत केलेला तिसावा कायदा हा या परंपरेचा प्रारंभ मानता येतो. कायदा होण्यापूर्वी वा नंतर, कंपनीच्या मुलुखात वा मुलुखाबाहेर, ठगांच्या कोणत्याही टोळीत असल्याचे सिद्ध झाल्यास सक्तमजुरीसह जन्मठेप द्यावी, असे त्यात म्हटले होते. 'ठग' म्हणजे कोण, हे मात्र कायद्यात कोठेही सांगितलेले नव्हते. विल्यम स्लीमन यांच्या खात्याची भिस्त प्रामुख्याने माफीच्या साक्षीदारांवर होती. त्यामुळे अमुक खून अमुक माणसाने केला हे सिद्ध करण्यापेक्षा तो टोळीत होता हे सांगणारा साक्षीदार मिळणे सोपे होते. १८४३ च्या चोविसाव्या कायद्याने हीच योजना दरोडेखोरांच्या टोळ्यांना लागू केली.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने ही उणीव काही अंशी भरून काढली. कलम ३१० मध्ये ठगाची व्याख्या आली आणि तीत 'सवयीने संगनमत' ही कसोटी ठरली. कलम ३९१ ने दरोड्यासाठी किमान पाच व्यक्तींची अट घातली. कलम ४०० ने दरोडेखोरांच्या टोळीचे आणि कलम ४०१ ने चोरांच्या टोळीचे सदस्यत्व शिक्षापात्र केले. यांपैकी कलम ४०१ ची शब्दयोजना लक्षणीय आहे. तेथे केवळ 'टोळी' न म्हणता 'भटकी किंवा अन्य टोळी' असे म्हटले आहे. भटकेपणा हा स्वतः गुन्हा नव्हता, पण गुन्ह्याच्या वर्णनात त्याला पहिले स्थान मिळाले.

जन्माने टोळी : १८७१ ते १९५२

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या विचाराचे टोक गाठले. एखादी 'जमात, टोळी किंवा वर्ग' अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्यास सवकलेला आहे, असे प्रांतिक सरकारला वाटल्यास त्यास गुन्हेगार जमात म्हणून जाहीर करता येई. अशा घोषणेच्या वैधतेचा विचार करण्याचा अधिकार न्यायालयांना नव्हता. जमात, टोळी आणि वर्ग हे तीन शब्द एका ओळीत आल्याने त्यांतील भेद पुसला गेला. टोळी माणसे मिळून बनवतात, तर जमातीत माणूस जन्म घेतो. कायद्याने मात्र दोहोंना एकच माप लावले.

आरंभी हा कायदा उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात वाढविली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. मुंबई इलाख्यात भामटा, कैकाडी, पारधी इत्यादी समूहांना नोंदणी, हजेरी आणि परवान्याशिवाय गाव न सोडण्याचे निर्बंध सोसावे लागले. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांच्यासाठी वसाहती उभारल्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. म्हणूनच ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. परंतु कायदा गेला तरी शिक्का लगेच पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनाचे शीर्षकच याची साक्ष देते.

सवय आणि संशय : १९५१ ते १९९६

स्वातंत्र्योत्तर काळात दोन भिन्न मार्ग दिसतात. पहिला मार्ग १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याचा आहे. त्यात जमातीऐवजी व्यक्ती केंद्रस्थानी आली आणि न्यायालयात सिद्ध झालेल्या गुन्ह्यांची शिक्षा ही कसोटी ठरली. तत्त्वतः ही मोठी सुधारणा होती. दुसरा मार्ग प्रशासकीय संशयाचा आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ५५ नुसार एखाद्या 'टोळीच्या' हालचालीमुळे किंवा तळामुळे धोका, भय वा वाजवी संशय निर्माण होत असल्यास ती पांगविता येते. टोळी कशास म्हणावे, हे तेथेही सांगितलेले नाही. 'तळ' हा शब्द मात्र पालावर राहणाऱ्यांची आठवण करून देतो. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले इत्यादींना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ मध्ये केलेल्या कायद्यात पुढे दुरुस्तीने 'धोकादायक व्यक्ती' हा वर्ग समाविष्ट झाला. त्यात एकट्याने अथवा 'टोळीचा सदस्य किंवा म्होरक्या म्हणून' सवयीने गुन्हे करणारी व्यक्ती मोडते. टोळी येथेही अव्याख्यातच राहिली.

'मोक्का' : दोषारोपपत्रांची कसोटी

दरम्यान मुंबईतील गुन्हेगारीचे रूप पालटले होते. तस्करीतून उभ्या राहिलेल्या टोळ्या खंडणी, जमिनींचे व्यवहार आणि सुपारी घेऊन केलेल्या हत्या यांकडे वळल्या. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. १९९७ मध्ये कामगार नेते दत्ता सामंत आणि चित्रपट-संगीत व्यवसायातील गुलशन कुमार यांच्या हत्या झाल्या. प्रत्येक टोळीयुद्धाला दहशतवाद म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात (१९९४) स्पष्ट केले होते. १९९५ मध्ये 'टाडा'ची मुदतही संपली. साक्षीदार भयापोटी पुढे येत नव्हते, ही वस्तुस्थिती होती. या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९ अर्थात 'मोक्का' २४ फेब्रुवारी १९९९ पासून अंमलात आला.

या कायद्यातील कलम २ मधील व्याख्या तीन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर 'सातत्याने चालणारे बेकायदेशीर कृत्य' येते. ते तीन वा अधिक वर्षांच्या कैदेस पात्र असा दखलपात्र गुन्हा असावे लागते. तसेच मागील दहा वर्षांत त्याबाबत एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. असे कृत्य हिंसा, धाकदपटशा वा अन्य बेकायदेशीर मार्गाने आर्थिक अथवा इतर लाभासाठी वा बंडखोरीस चालना देण्यासाठी केल्यास तो 'संघटित गुन्हा' ठरतो, ही दुसरी पायरी. संघटित गुन्हा करणारा दोन किंवा अधिक व्यक्तींचा गट म्हणजे 'संघटित गुन्हेगारी टोळी', ही तिसरी पायरी. केवळ सदस्यत्वासाठी किमान पाच वर्षांची कैद आहे.

या रचनेत एक तार्किक वर्तुळ आहे. संघटित गुन्हा म्हणजे टोळीच्या सदस्याने केलेला गुन्हा, आणि टोळी म्हणजे संघटित गुन्हा करणारा गट. या वर्तुळाबाहेरचा वस्तुनिष्ठ आधार म्हणजे दोषारोपपत्रांची संख्या. उत्तर प्रदेशाच्या १९८६ च्या कायद्याने समाजविघातक कृत्यांची यादी देऊन टोळीची व्याख्या केली होती. महाराष्ट्राने यादीऐवजी पूर्वेतिहास निवडला. जमात वा संशय यांपेक्षा ही कसोटी निश्चितच नेमकी आहे. तथापि दोषारोपपत्र हा पोलिसांनी तयार केलेला दस्तऐवज आहे. तो दोषसिद्धी नव्हे. १९५९ च्या कायद्यातील शिक्षेची कसोटी येथे आरोपाच्या कसोटीवर आली. पोलीस अधीक्षकाच्या वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य असणे आणि जामिनाच्या कठोर अटी यांमुळे या फरकाचे महत्त्व अधिकच वाढते.

कायद्याने काही संरक्षक तरतुदीही केल्या आहेत. कलम २३ नुसार उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेशिवाय गुन्ह्याची नोंद होत नाही आणि अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय न्यायालय दखल घेत नाही. २००८ मध्ये भारत शांतिलाल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची वैधता मुख्यत्वे मान्य केली. २०२२ मध्ये याच न्यायालयाने, एकाहून अधिक दोषारोपपत्रे टोळीविरुद्ध असणे पुरेसे आहे, ती प्रत्येक आरोपीविरुद्ध असण्याची गरज नाही, असे म्हटले. म्हणजेच ज्याच्यावर पूर्वी एकही आरोप नाही अशी व्यक्तीही टोळीच्या पूर्वेतिहासामुळे या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

राज्याकडून देशाकडे

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १११ अन्वये 'संघटित गुन्हा' देशभर लागू झाला. दहा वर्षे, एकाहून अधिक दोषारोपपत्रे, तीन वर्षांची कैद, दोन व्यक्तींचा गट हे 'मोक्का'तील घटक तेथे जवळजवळ जसेच्या तसे आढळतात. ठगाचे कलम वगळले गेले आणि चोरांच्या टोळीच्या कलमातील 'भटकी' हा शब्दही गेला. मात्र कलम ११२ ने 'किरकोळ संघटित गुन्हा' ही नवी संज्ञा आणली. त्यात टोळीच्या सदस्याने केलेली चोरी, खिसेकापूपणा इत्यादींसह 'तत्सम अन्य कृत्ये' येतात, आणि पूर्वीच्या दोषारोपपत्रांची अट येथे नाही. ज्या समूहांवर पिढ्यान्‌पिढ्या याच गुन्ह्यांचा संशय घेतला गेला, त्यांच्या दृष्टीने हा बदल चिंतेचा आहे. तुरुंग नियमपुस्तिकांतील जातिभेदाविषयीच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहण्याच्या वृत्तीची दखल घेतली आहे.

निष्कर्ष

१. टोळी ओळखण्याची कसोटी साक्षीदाराचे कथन, जन्म, सवय आणि दोषारोपपत्र अशा क्रमाने बदलत गेली.
२. 'मोक्का'ने टोळीला प्रथमच मोजता येणारी व्याख्या दिली. परंतु ते मोजमाप तपास यंत्रणेच्या हाती असल्याने संरक्षक तरतुदींचे काटेकोर पालन हाच त्या व्याख्येचा खरा आधार आहे.
३. संघटित खंडणीखोरीने त्रस्त समाजाला अशा कायद्याची गरज होती, हे नाकारता येत नाही. मात्र मोठ्या टोळ्यांसाठी घडविलेली संकल्पना किरकोळ चोरीपर्यंत खाली आणताना पुराव्याची अट सैल करणे इतिहासाच्या अनुभवाशी विसंगत आहे.
४. कलम ११२ खालील कारवाई प्रत्यक्षात कोणत्या समाजघटकांवर होते, याची जिल्हानिहाय पाहणी होणे आवश्यक आहे. इतिहास, विधी आणि समाजशास्त्र या विषयांच्या अभ्यासकांनी ती संयुक्तपणे हाती घ्यावी.