फिशर, बर्नार्ड

फिशर, बर्नार्ड : (२३ ऑगस्ट १९१८–१६ ऑक्टोबर २०१९). अमेरिकन शल्यचिकित्सक व कर्करोग-संशोधक. अर्बुदाच्या कोशिका (पेशी) शरीरात कशा पसरतात, यासंबंधीचे प्रायोगिक संशोधन आणि त्यावर आधारलेल्या स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांच्या मोठ्या चाचण्या यांकरिता प्रसिद्ध. सुमारे पाऊण शतक प्रमाण मानली गेलेली मूलगामी स्तनोच्छेदनाची (स्तन, त्याखालील छातीचे स्नायू व काखेतील लसीका ग्रंथी एकत्रितपणे काढून टाकण्याची) शस्त्रक्रिया त्यांच्या कार्यामुळे मागे पडली. शस्त्रक्रियेची व्याप्ती रूढीने किंवा अधिकारी व्यक्तीच्या मताने न ठरता तुलनात्मक चाचणीने ठरावी, हे तत्त्व शल्यचिकित्सेत रुजविण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

त्यांचा जन्म अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथे झाला. पिट्सबर्ग विद्यापीठाची वैद्यकातील पदवी त्यांनी १९४३ मध्ये मिळविली व पुढे त्याच विद्यापीठात ते शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. सुरुवातीस त्यांचे लक्ष यकृताच्या पुनर्जननासारख्या शरीरक्रियात्मक प्रश्नांवर केंद्रित झाले होते. १९५०–६० या दशकाच्या उत्तरार्धात ते कर्करोगाकडे वळले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील नामवंत शल्यचिकित्सक आय्. एस्. रॅव्हडिन यांनी, शस्त्रक्रियेच्या जोडीला औषधे देऊन पाहण्याच्या एका संयुक्त योजनेत सामील होण्याविषयी त्यांना पाचारण केले, हे या बदलाचे निमित्त होय. या योजनेतूनच १९५८ मध्ये सुरू झालेला गट पुढे ‘नॅशनल सर्जिकल ॲडजुव्हंट ब्रेस्ट अँड बाउल प्रॉजेक्ट’ (एन्एस्एबीपी) या नावाने ओळखला जाऊ लागला. १९६७ मध्ये फिशर त्याचे अध्यक्ष झाले.

पूर्वस्थिती : त्या काळी प्रचलित असलेली विचारसरणी बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यचिकित्सक विल्यम स्ट्यूअर्ट हॉल्स्टेड (१८५२–१९२२) यांच्या नावाशी निगडित होती. कर्करोग प्रथम स्तनातच मर्यादित असतो, तेथून तो लसीका वाहिन्यांच्या मार्गाने सलगपणे व ठराविक क्रमाने काखेतील ग्रंथींपर्यंत जातो, या ग्रंथी काही काळ त्यास गाळणीप्रमाणे अडवून धरतात आणि त्यानंतरच तो दूरच्या इंद्रियांत पोहोचतो, असे मानले जाई. यावरून निघणारा निष्कर्ष उघड होता : जितके अधिक ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) काढावे, तितकी रोगमुक्तीची शक्यता अधिक. हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात शस्त्रक्रियेच्या जागी रोग पुन्हा उद्‌भवण्याचे प्रमाण पूर्वीच्या मानाने फारच कमी होते व त्यामुळे ही पद्धती लवकरच सर्वत्र रूढ झाली. स्थानिक पुनरुद्‌भव टळला म्हणजे आयुष्य वाढले असे होत नाही, ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली.

या शस्त्रक्रियेनंतर छाती खोलगट होई, हातास कायमची सूज येण्याचा संभव असे आणि खांद्याची हालचाल मर्यादित होई. शिवाय, गाठीचा नमुना तपासणे व स्तन काढणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच भूल देण्याच्या प्रसंगी उरकण्याचा प्रघात असल्याने, शुद्धीवर आल्यावर आपला स्तन शाबूत असेल किंवा नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वी स्त्रीस ठाऊक नसे. लंडन येथील जेफ्री केन्स यांनी १९२०–४० या काळात रेडियमाच्या साहाय्याने व क्लीव्हलँड येथील जॉर्ज क्राइल (कनिष्ठ) यांनी १९५५ नंतर लहान शस्त्रक्रियांच्या साहाय्याने या पद्धतीस पर्याय सुचविले होते. तथापि त्यांचा पुरावा आपापल्या रुग्णांच्या अनुभवापुरता मर्यादित असल्याने तो बहुसंख्य शल्यचिकित्सकांना पटला नाही.

प्रायोगिक संशोधन : फिशर यांनी आपले बंधू व विकृतिवैज्ञानिक एडविन फिशर यांच्या सहकार्याने प्राण्यांवर प्रयोग केले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी उंदरांच्या यकृताकडे रक्त नेणाऱ्या नीलेत अर्बुदाच्या केवळ ५० कोशिका सोडल्या. अनेक महिने लोटल्यावरही यकृतात अर्बुदे आढळली नाहीत. परंतु अशाच उंदरांचे पोट वारंवार उघडून यकृत हाताळले असता तेथे अर्बुदे वाढू लागली. याचा अर्थ, कोशिका यकृतात पोहोचल्या होत्या, पण सुप्तावस्थेत होत्या. कोशिका कोठवर पोहोचली एवढ्यावरच नव्हे, तर तिला तेथे मिळणाऱ्या परिस्थितीवरही अर्बुदाची वाढ अवलंबून असते, हे यावरून दिसून आले. लसीका ग्रंथींवरील प्रयोगांत (१९६६) असे आढळले की, अर्बुद-कोशिका या ग्रंथींत अडकून राहतातच असे नाही. त्या ग्रंथी ओलांडून पुढे जातात. लसीका मार्ग व रक्तमार्ग हे परस्परांशी जोडलेले असल्याने, प्रसाराचा ठराविक क्रम मानण्यासही आधार उरला नाही.

या निष्कर्षांवरून फिशर यांनी पर्यायी परिकल्पना मांडली. तिच्यानुसार स्तनाचा कर्करोग हा निदान होईपर्यंत बहुधा सर्व शरीराचा विकार झालेला असतो. काखेतील बाधित ग्रंथी हा पुढील प्रसाराचा उगम नसून, प्रसार झाल्याची ती निदर्शक खूण होय. म्हणून स्थानिक शस्त्रक्रियेच्या व्याप्तीतील फरकाने रुग्णाच्या आयुर्मानात मोठा फरक पडणार नाही. ही परिकल्पना खरी की खोटी, हे रुग्णांवरील चाचणीनेच ठरू शकत होते.

शस्त्रक्रियांच्या चाचण्या : कोणत्या रुग्णास कोणता उपचार द्यावयाचा, हे डॉक्टर किंवा रुग्ण यांनी न ठरविता चिठ्ठ्या टाकण्यासारख्या यदृच्छ पद्धतीने ठरविणे, हे या चाचण्यांचे मूलतत्त्व होते. औषधांच्या बाबतीत ही पद्धती रुळली होती. शस्त्रक्रियेच्या बाबतीत तिला तीव्र विरोध झाला. लहान शस्त्रक्रिया करणे म्हणजे रुग्णाचा जीव धोक्यात घालणे होय, असे अनेक शल्यचिकित्सकांचे मत होते. कोणती पद्धती श्रेष्ठ हे खरोखर ठाऊक नसताना अधिक अवयवहानी करीत राहणे हेच अनैतिक होय, असा फिशर यांचा युक्तिवाद होता.

१९७१–७४ या काळात अमेरिका व कॅनडा यांतील रुग्णालयांमधून १,६६५ स्त्रियांची पहिली मोठी चाचणी (बी-०४) घेण्यात आली. तीत मूलगामी स्तनोच्छेदनाची तुलना स्नायू न काढता केलेल्या संपूर्ण स्तनोच्छेदनाशी करण्यात आली. तपासणीत काखेतील ग्रंथी निरोगी वाटणाऱ्या काही स्त्रियांच्या ग्रंथी मुद्दाम तशाच ठेवण्यात आल्या. मूलगामी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सु. ४० टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत प्रत्यक्षात कर्करोग आढळला. ग्रंथी न काढलेल्या गटातही हे प्रमाण तेवढेच असणार; तरीही त्यांपैकी सु. १८ टक्के स्त्रियांनाच पुढे काखेत रोग उद्‌भवल्याने शस्त्रक्रिया करावी लागली. २५ वर्षांच्या अवलोकनानंतर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतातही या गटांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही.

१९७६ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या चाचणीत (बी-०६) स्तन राखण्याचाच प्रश्न होता. ४ सेंमी. पर्यंतच्या अर्बुदांसाठी संपूर्ण स्तनोच्छेदन, केवळ गाठ व तिच्या कडेचे थोडे ऊतक काढणे (लंपेक्टमी) आणि गाठ काढून शिवाय किरणोपचार देणे, या तीन पर्यायांची तुलना करण्यात आली. प्रारंभी रुग्ण सहभागी करून घेण्यास शल्यचिकित्सक फारसे तयार नसल्याने चाचणी रेंगाळली व १९८४ पर्यंत चालली. २० वर्षांनंतर तिन्ही गटांचे आयुर्मान सारखेच आढळले. मात्र त्याच स्तनात रोग पुन्हा उद्‌भवण्याचे प्रमाण किरणोपचाराविना ३९·२ टक्के, तर किरणोपचारासह १४·३ टक्के होते. मिलान येथील उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर स्वतंत्रपणे केलेल्या चाचणीतूनही (१९८१) असाच निष्कर्ष निघाला होता.

पूरक औषधोपचार : रोग सार्वदेहिक असेल, तर उपचारही सार्वदेहिक हवा, हा या विचारसरणीचा दुसरा भाग होय. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या एल्-फिनिलॲलनीन मस्टर्ड या औषधाने, विशेषतः ऋतुनिवृत्तिपूर्व वयाच्या स्त्रियांत, रोगाचा पुनरुद्‌भव कमी होतो, असे १९७५ मध्ये दाखविण्यात आले. त्याच सुमारास मिलान येथे जान्नी बोनाडोन्ना यांनी तीन औषधांच्या मिश्रणाने तसेच यश मिळविले. पुढे स्त्रीमदजनाच्या (ईस्ट्रोजेनाच्या) क्रियेस विरोध करणाऱ्या टॅमॉक्सिफेन या औषधाची उपयुक्तता सिद्ध झाली. १९९२ मध्ये सुरू झालेल्या १३,३८८ स्त्रियांच्या चाचणीत, रोगाचा धोका अधिक असलेल्या निरोगी स्त्रियांतही टॅमॉक्सिफेनाने आक्रमक (आसपासच्या ऊतकांत शिरणाऱ्या) कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, असे आढळले (१९९८). त्याचबरोबर गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग व रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो, हेही स्पष्ट झाले.

वाद : मॉन्ट्रिऑल येथील एका सहभागी शल्यचिकित्सकाने काही रुग्ण चाचणीस पात्र ठरावेत म्हणून नोंदींत खोटे बदल केले होते. फिशर यांच्याच गटास ही बाब प्रथम आढळली व ती शासकीय संस्थेस कळविण्यात आली होती. परंतु सुधारित विश्लेषण प्रसिद्ध करण्यास विलंब झाला. मार्च १९९४ मध्ये हे प्रकरण वृत्तपत्रांतून बाहेर येताच मोठी खळबळ उडाली. स्तन राखण्याचा पर्याय स्वीकारलेल्या असंख्य स्त्रियांपुढे आपला निर्णय चुकला की काय, असा प्रश्न उभा राहिला. फिशर यांना गटाच्या अध्यक्षपदावरून दूर व्हावे लागले. संशयित नोंदी पूर्णपणे वगळून केलेल्या फेरविश्लेषणात (१९९५) मूळ निष्कर्ष कायम राहिले. १९९७ मध्ये चौकशीअंती फिशर यांना वैज्ञानिक गैरवर्तनाच्या आरोपातून मुक्त करण्यात आले व विद्यापीठाने त्यांच्याशी तडजोड करून दिलगिरी व्यक्त केली. मोठ्या सामूहिक चाचण्यांत मूळ नोंदींची कसून तपासणी आवश्यक असते, हा धडा मात्र या प्रकरणाने दिला.

मूल्यमापन : फिशर यांची परिकल्पना जशीच्या तशी टिकली नाही. स्तनोच्छेदनानंतरच्या किरणोपचाराने काही गटांतील मृत्यूंचे प्रमाण घटते, असे १९९७ मधील डेन्मार्क व कॅनडा येथील चाचण्यांत आढळले. अनेक चाचण्यांच्या २००५ मधील एकत्रित विश्लेषणानुसार स्थानिक पुनरुद्‌भवाचे चार प्रसंग टाळले असता १५ वर्षांत सु. एक मृत्यू टळतो. म्हणजेच काही रुग्णांत रोग निदानसमयी स्थानिकच असतो किंवा उरलेला स्थानिक रोग पुढील प्रसाराचा उगम होऊ शकतो. रोग दूरवर पसरलेला असताना मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते काय, या संबंधित प्रश्नाची मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००५–१३ या काळात ३५० स्त्रियांवर चाचणी घेण्यात आली. तीत आयुर्मान वाढल्याचे आढळले नाही (२०१५).

स्तन राखणारी शस्त्रक्रिया किरणोपचाराच्या सोयीवर अवलंबून आहे. जेथे ही सोय दूर किंवा खर्चिक असते, तेथे स्तनोच्छेदन टाळता येत नाही. त्यामुळे या संशोधनाचा पुरेपूर लाभ उपचारांच्या उपलब्धतेशी निगडित राहिला आहे.

फिशर यांना १९८५ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले व १९९२–९३ मध्ये ते अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांच्या परिकल्पनेची मर्यादा ज्या यदृच्छ चाचण्यांनी दाखविली, त्या पद्धतीचा आग्रह शल्यचिकित्सेत त्यांनीच धरला होता. वयाच्या १०१ व्या वर्षी पिट्सबर्ग येथे ते मृत्यू पावले.