अकरा नंबरची बस

अकरा नंबरची बस हा मराठी बोलीभाषेतील विनोदी वाक्प्रयोग असून ‘स्वतःचे दोन पाय’ किंवा ‘पायी केलेला प्रवास’ असा त्याचा अर्थ होतो. ११ या संख्येतील शेजारी उभे असलेले दोन अंक पायांच्या जोडीसारखे दिसतात, या कल्पनेवर तो आधारलेला आहे.

उगम

मुंबईत मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी सुरू झाली. क्रमांकाने बस ओळखण्याची सवय शहरी असल्याने हा प्रयोगही शहरी वळणाचा आहे. एसटीच्या गाड्या प्रवासी सहसा गावाच्या पाटीवरून ओळखतात. तरीही ग्रामीण भागात तो सहज समजतो. हिंदीत ‘ग्यारह नंबर की बस’ असे म्हणतात आणि चिनी भाषेतही अकरा क्रमांकाच्या बसचीच कल्पना आढळते. इंग्रजीतील ‘शँक्स पोनी’ मात्र घोड्यावर बेतलेला आहे. त्यातील ‘शँक’ म्हणजे नडगी.

वापर

हा शब्दसमूह बहुधा तृतीया विभक्तीत येतो. उदाहरणार्थ, इगतपुरी तालुक्यातील घोटी येथून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी हे कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) पायथ्याचे गाव लागते. तेथे निघालेला प्रवासी ‘बारीपर्यंत एसटीने, पुढे अकरा नंबरच्या बसने’ असे म्हणू शकतो. ‘रिक्षा मिळाली नाही, मग काय, अकरा नंबरची बस!’ यासारख्या वाक्यात गैरसोय हसण्यावारी नेलेली असते.

अर्थच्छटा

‘पायपीट’ आणि ‘तंगडतोड’ या शब्दांत त्रासाची तक्रार असते, ‘वणवण’मध्ये हतबलता, अकरा नंबरच्या बसमध्ये या दोन्ही नाहीत. म्हणूनच तिच्या वापराला मर्यादा पडते. पंढरीची वारी ‘पायी’ होते. तिला हा शब्द लावणे अनादराचे वाटेल. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी घोटी व कसारा घाटमार्गे मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेले. २०२० च्या टाळेबंदीत याच मुंबई–आग्रा महामार्गाने स्थलांतरित मजूर उलट दिशेने, गावाकडे पायी निघाले. अशा चालण्याविषयी त्रयस्थाने हा प्रयोग करणे क्रूर थट्टा ठरते. चालणाऱ्याने स्वतःविषयी केला, तर तोच शब्द धीराचा वाटू शकतो.

‘पायाला भिंगरी असणे’ हा वाक्प्रचार याहून वेगळा आहे. तो सतत भटकणाऱ्या माणसाविषयी वापरतात, मग ती भटकंती वाहनाने असली तरी.