तीन गळे, एक नाव

सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शासकीय नोकरीची काही वर्षे गेली. पाळी सुटली की चहाच्या टपरीवर रेडिओ लागे. ‘मदर इंडिया’तील, शेतात राबणाऱ्या आई-मुलांचे गाणे सुरू झाले की कोणीतरी म्हणे, “लताबाईंचे गाणे!” आम्हीही मान डोलवीत असू. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, आमच्या इंदूरचा. त्या अभिमानात चूक ध्यानी आली नाही.

१९५७ च्या त्या चित्रपटातील हे गाणे नौशाद यांनी लता, मीना आणि उषा या तीन मंगेशकर भगिनींकडून गाऊन घेतले होते. श्रोत्यांच्या स्मरणात मात्र एकच नाव उरले.

असेच मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी घडले. मोटार कारखान्यात राबलेल्या बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. ती पुढे ‘मोटाउन’ नावाने गाजली. कृष्णवर्णीयांच्या चर्चगायनाशी नाते सांगणारे ‘सोल’ संगीत तिने घरोघरी नेले. डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लोरेन्स बॅलार्ड या तिघींच्या ‘सुप्रीम्स’ संचाची ‘द सुप्रीम्स ए गो-गो’ ही ध्वनिमुद्रिका १९६६ मध्ये अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिली आली. स्त्रियांच्या गायनसंचाला हा मान प्रथमच लाभला. पुढच्याच वर्षी संचाच्या नावात डायना रॉस यांचे नाव अग्रभागी आले आणि बॅलार्ड संचाबाहेर पडल्या. १९७६ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

मंगेशकर भगिनींच्या बाबतीत असे काही घडले नाही, हे सुदैव. मीनाताईंनी ‘माणसाला पंख असतात’ (१९६१) या चित्रपटाला संगीत दिले. उषाताईंच्या ‘पिंजरा’तील (१९७२) लावण्या घरोघरी पोहोचल्या. तरीही डेट्रॉइटमध्ये जे कंपनीने केले, ते येथे आम्हा श्रोत्यांच्या विस्मृतीने केले.

मध्य प्रदेश शासनाने १९८४ मध्ये लताबाईंच्या नावे सन्मान सुरू केला, आणि तो प्रथम नौशाद यांनाच मिळाला. सन्मान एका नावाचा असावा, यात गैर काहीच नाही. नोंद मात्र तिन्ही नावांची हवी. सारी हयात कार्यालयात नोंदी तपासणाऱ्या आम्हांला ही एक नोंद तपासण्यास निवृत्ती उजाडावी लागली.