लाखेची रेकॉर्ड आणि आजीची कॅसेट

आजोबांच्या लोखंडी पेटीत एका काळ्या रेकॉर्डचा तुकडा होता. गाणं कुणाचं, ते कळायची सोय नव्हती. मधला कागद निघून गेला होता. मी लहान असताना आजीने एकदा तो चुलीतल्या निखाऱ्याजवळ धरला. कड मऊ पडली, वास सुटला आणि आजी म्हणाली, "हे तं लाख हाये."

आजी बरोबर होती. तिचं माहेर देवरीकडचं. पळसाच्या फांद्यांवरची लाख खरडण्यात तिचं लहानपण गेलं. लाखेचे किडे पळस, कुसुम, बोर अशा झाडांचा रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. ते खरडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे काढले की झाला चपडा. दगडाची पूड आणि काजळी या चपड्यात घट्ट बांधली जाई आणि मिनिटाला ७८ फेरे घेणारी रेकॉर्ड तयार होई. गोंड लोक रानातून गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख विकायला आणत म्हणून गावाचं नाव गोंदिया पडलं, असंही सांगतात.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मुद्रित केला. तेव्हा रेकॉर्डी छापायला जर्मनीत हॅनोव्हरला पाठवाव्या लागत. १९०८ मध्ये कलकत्त्यातच, सियालदहला कारखाना निघाला. जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातून जायची आणि तिची मोठी बाजारपेठही कलकत्ताच. मध्य प्रांताच्या रानातली लाख रेल्वेने तिकडे जाई.

लाख गेली, पण आमची गाणी काही त्या वाटेने गेली नाहीत. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. मोठमोठ्या गवयांनी राग तेवढ्यात बसवायची कला साधली. पण दिवाळीनंतर मंडई भरली की झाडीपट्टीतली दंडार रात्रभर चालते. ती तीन मिनिटांत कशी बसणार? आणि रोवणीच्या बाया चिखलात वाकून गातात, त्या गाण्याला तर शेवटच नसतो. बांधी संपली की गाणं संपतं.

मग लाखेचे दिवसही फिरले. महायुद्धात १९४२ साली अमेरिकेने रेकॉर्डसाठी मिळणारा चपडा ७० टक्क्यांनी कमी केला, कारण तो लष्करालाही हवा होता आणि भारतातून जहाजं पोचणं अवघड झालं होतं. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने विनाइलची एलपी आणली. तिच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मावत आणि ती सहज फुटतही नसे. आपल्याकडे लाखेच्या रेकॉर्डी साठच्या दशकातही निघत होत्या, पण पळसाचा आणि गाण्याचा संबंध तुटत चालला होता.

आमच्या घरात खरा बदल आणला तो कॅसेटने. फिलिप्सने ती १९६३ मध्ये काढली. ऐंशीच्या दशकात ती स्वस्त होऊन भारतभर पसरली. रेकॉर्डवर फक्त कंपनी आवाज भरू शकत होती. टेपरेकॉर्डरचं लाल बटण मात्र कुणीही दाबू शकत होतं. काकांनी ते दाबलं आणि आजीची रोवणीची गाणी कॅसेटची एक पूर्ण बाजू भरून घेतली. ऐकताना आजी हसून म्हणाली, "माहा आवाज याच्यात कसा गेला रे बाप्पा?"

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन छोट्या टिकल्या असतात. त्या तोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. आमच्या कॅसेटच्या कुणी तोडल्या नाहीत. १९९९ च्या उन्हाळ्यात, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा, मी रेडिओवरची सिनेमाची गाणी त्याच कॅसेटवर भरली. आजी रागावली नाही. "रोवणीत पुन्हा गाईन," म्हणाली. ते राहूनच गेलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात शेकडो गाणी भरून घ्यायचे दिवस आले आणि गेले. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि गाणं जवळ ठेवायची गरजच उरली नाही. आता दंडारीचे व्हिडिओ यूट्यूबवर सापडतात, गावातल्या पोरांनीच टाकलेले. शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्याला जे जमलं नाही, ते एका पोराच्या फोनने केलं, याचा मला आनंद वाटतो. पण एक गोष्ट खटकते. लाखेची रेकॉर्ड फुटायची, तिच्यावर दुसरं गाणं मात्र चढायचं नाही. आवाज भरून घेणं जसजसं सोपं झालं, तसतसं तो पुसणंही सोपं झालं. फोनची जागा भरली की आपण आधी काय उडवतो ते आठवून बघा.

मागच्या वर्षी ती कॅसेट सापडली. माझी गाणी बाजू संपायच्या थोडी आधी थांबली होती. त्यानंतर एक खरखर, आणि मग अकरा सेकंद आजी. अर्धी ओळ, एक खोकला, मागे कुणाची तरी बांगडी. ती मी फोनवर घेतली आणि तीन ठिकाणी ठेवली. मग स्क्रूड्रायव्हरने कॅसेटच्या दोन्ही टिकल्या तोडून टाकल्या.