सापेक्ष पथ कोणाच्या सापेक्ष? युनिक्सपासून आजच्या पॅकेजपर्यंत

समजा, अनेक बॅकएंड सेवांना वापरता येईल असे एक सामाईक पॅकेज तुम्ही लिहिले. त्यातील टेम्प्लेटची फाइल सापेक्ष पथ देऊन उघडली. पॅकेजच्या चाचण्या यशस्वी झाल्या. पण ते सेवेत जोडताच 'फाइल सापडली नाही' असा संदेश आला. फाइल तर जागेवरच आहे. मग चूक कोठे आहे? उत्तरासाठी युनिक्सच्या आरंभकाळाकडे वळावे लागते.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्समधील पीडीपी-७ संगणकावर युनिक्सची उभारणी सुरू केली. त्या आवृत्तीत पथनावे नव्हतीच. फाइलचे साधे नाव दिले जाई आणि ते चालू डिरेक्टरीत शोधले जाई. पुढे नवी प्रक्रिया निर्माण करणारी 'फोर्क' ही सोय आली आणि डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा निकामी झाली. रिची यांनी त्याचे कारण नोंदवले आहे. ती आज्ञा आता वेगळ्या प्रक्रियेत चाले; ती प्रक्रिया स्वतःची डिरेक्टरी बदलून लगेच संपे आणि शेलची डिरेक्टरी होती तीच राही. शेवटी ती आज्ञा शेलच्या आतच चालवावी लागली.

यातून एक तत्त्व स्पष्ट होते: चालू डिरेक्टरी प्रक्रियेची असते, कोड लिहिलेल्या फाइलची नव्हे.

२००९ मध्ये आलेल्या नोड.जेएसमध्ये हे तत्त्व कायम राहिले. मात्र त्याच्या शेजारी दुसरा नियम आला. 'रिक्वायर'ला दिलेला सापेक्ष पथ तो लिहिलेल्या फाइलपासून मोजला जातो. फाइल वाचणाऱ्या फंक्शनला दिलेला पथ मात्र प्रक्रियेच्या चालू डिरेक्टरीपासून. चाचण्या पॅकेजच्या मूळ डिरेक्टरीतून चालतात, म्हणून चूक लपते. सेवा स्वतःच्या डिरेक्टरीतून सुरू होते आणि टेम्प्लेटचा शोध तेथे घेतला जातो.

म्हणून पॅकेजमधील पथ त्या मॉड्यूलच्या स्वतःच्या स्थानावरून बांधावा. पायथनने २०१८ मध्ये, ३.७ या आवृत्तीत, आणखी पुढचे पाऊल टाकले: फाइल पॅकेजच्या नावाने मागण्याची सोय दिली. पॅकेज झिपमध्ये असेल, तर डिस्कवर त्या फाइलचा वेगळा पथ नसतोच.

अशी चूक आढळल्यास तीन गोष्टी तपासा: चालू डिरेक्टरी कोणती, प्रकाशित पॅकेजमध्ये ती फाइल समाविष्ट आहे का, आणि नावातील लहान-मोठी रोमन अक्षरे जुळतात का. विंडोजवर सहसा चालून जाणारा हा फरक लिनक्स सर्व्हरवर चालत नाही.

विचार करा: पॅकेजमध्ये निरपेक्ष पथ लिहिला, तर कोणती नवी अडचण उद्भवेल?