सार्वत्रिक माफी (कोल्हापूर परिसराच्या संदर्भात)

सार्वत्रिक माफी : बंड, आंदोलन, यादवी किंवा राजकीय संघर्ष यांच्या ओघात घडलेल्या कृत्यांबद्दल एखाद्या संपूर्ण गटावर खटले न भरण्याचा, भरलेले खटले काढून घेण्याचा किंवा झालेल्या शिक्षा रद्द करण्याचा राज्यसत्तेचा निर्णय. एकट्या कैद्याला मिळणाऱ्या क्षमेहून ती वेगळी आहे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ (राष्ट्रपती) आणि १६१ (राज्यपाल) यांत क्षमा, शिक्षेची तहकुबी, सूट आणि शिक्षा सौम्य करणे यांची तरतूद आहे. हे अधिकार गुन्हा शाबीत झालेल्या व्यक्तीपुरते आहेत. सार्वत्रिक माफी गुन्हा शाबीत होण्याची वाट पाहत नाही, आणि घटनेत तिचा स्वतंत्र उल्लेखही नाही. त्यामुळे आपल्याकडे ती आडवाटांनी येते : कुठे वॉरंट रद्द होते, कुठे सरकारी वकील खटला मागे घेतो, कुठे आत्मसमर्पण योजना जाहीर होते. कोल्हापूर शहर आणि जुने करवीर संस्थान यांनी यांपैकी बऱ्याच वाटा पाहिल्या आहेत. माफीच्या यादीत कोण बसतो हे ठरवण्याचा हक्क कोणाचा, हा वाद प्रत्येक वेळी झाला.

३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांनी उठाव केला. रामजी शिरसाट हे त्यांच्या पुढाऱ्यांपैकी. मुंबई सरकारने कर्नल ले ग्रँड जेकब याला पाठवले. ऑगस्टमध्ये पलटणीची शस्त्रे काढून घेण्यात आली आणि लष्करी न्यायालयांच्या निकालांवरून शिक्षा झाल्या, त्यांत तोफेच्या तोंडी देणेही होते. डिसेंबरच्या आरंभी शहरात दुसरा उठाव झाला. वेशीचे दरवाजे बंद झाले. जेकबने दरवाजा फोडून शहर ताब्यात घेतले आणि पकडलेल्यांचा निकाल जागच्या जागी लावून त्यांना मारले.

व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा आला १ नोव्हेंबर १८५८ रोजी. ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतल्याचे ज्यांच्यावर शाबीत झाले असेल किंवा होईल, ते वगळून इतरांना दया दाखवली जाईल, असे त्यात म्हटले होते. बंडाचे पुढारी, चिथावणी देणारे आणि मारेकऱ्यांना जाणूनबुजून आसरा देणारे यांना केवळ जीवदान. बाकी शस्त्रधाऱ्यांनी घरी परतून शांतपणे उद्योगाला लागावे, त्यांचा अपराध विसरला जाईल. मुदत १ जानेवारी १८५९ पर्यंत. इतिहासाच्या पुस्तकांत या जाहीरनाम्याचे औदार्य ठळक छापलेले असते. कोल्हापुरापुरते पाहिले तर माफी मागू शकणारे अनेक जण तोवर हयातच नव्हते.

चिमासाहेबांचे प्रकरण याहून बोलके आहे. छत्रपती बाबासाहेब महाराजांचे हे धाकटे बंधू. उठावामागे त्यांचा हात असल्याचा जेकबचा संशय होता. त्यांना खुल्या खटल्याशिवाय राजकैदी म्हणून १८५८ मध्ये कराचीला नेण्यात आले आणि तिथेच १८६९ मध्ये त्यांचे निधन झाले. जाहीरनाम्यानंतरही ते सुटले नाहीत. माफीला आधी आरोप लागतो, निदान आरोपाची भाषा तरी लागते. ज्याच्यावर आरोपपत्रच नाही, ज्याला राज्याच्या सुरक्षिततेसाठी नुसते बाजूला ठेवले आहे, त्याला माफ कशाबद्दल करायचे? स्थानबद्धतेच्या कायद्यांखाली अडकलेल्यांची अडचण आजही याच जातीची आहे. सरकार त्यांना सोडू शकते. माफ करू शकत नाही, कारण दोष कधी ठरलेलाच नसतो. चिमासाहेबांचे नाव आज शहरातल्या एका चौकाला आहे.

शेजारच्या गोव्यात वेगळी रीत दिसते. दीपाजी राणे यांचे सत्तरीतील बंड १८५२ पासून १८५५ पर्यंत चालले. रानात शिरून बंड मोडणे पोर्तुगीजांना जमले नाही, तेव्हा त्यांनी तडजोड केली. जिंकलेला राजा देतो ती माफी आणि न हरलेल्याशी केलेला तह यांत कागदावर फारसा फरक दिसत नाही. अटी वाचल्या की मात्र कोण वरचढ होता ते कळते.

माफी आणि सशर्त सुटका यांची गल्लत महाराष्ट्रात सर्वाधिक होते ती वि. दा. सावरकरांच्या संदर्भात. २३ डिसेंबर १९१९ रोजी पंचम जॉर्जच्या घोषणेने राजकीय कैद्यांना माफी जाहीर झाली. तिचा लाभ मिळून बारींद्रकुमार घोष अंदमानातून सुटले. सावरकर बंधू सुटले नाहीत. ३० मार्च १९२० च्या अर्जात सावरकरांनी याच घोषणेचा आधार घेतला होता. पुढे १९२४ मध्ये ते येरवड्यातून सुटले ते रत्नागिरी जिल्ह्यात राहण्याच्या आणि राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर. कायद्याच्या दृष्टीने हा सशर्त सुटकेचा आदेश होता. अर्जांतील भाषेवर होणारे वाद राजकारणाचे आहेत. सरकारने त्यांना सार्वत्रिक माफीतून वगळले, हा भाग त्या वादात सहसा कोणी काढत नाही.

राजर्षी शाहू छत्रपतींचा १९१८ चा निर्णय माफीच्या व्याख्येत नेमका बसत नाही, तरी तो या नोंदीत हवा. ब्रिटिश कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्यांच्या माणसांनी ठरलेल्या वेळी गावकामगारांपुढे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, अशी पद्धत होती. शाहू महाराजांनी संस्थानात ही हजेरी बंद केली आणि फासेपारधी मंडळींना कामे दिली. न केलेल्या गुन्ह्याची माफी देता येत नाही, म्हणून त्यांनी संशयच मागे घेतला. उर्वरित देशात गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले.

१९४२ च्या चळवळीत संस्थानी प्रदेशाची एक खास गुंतागुंत पुढे आली. १३ डिसेंबर १९४२ रोजी करवीर संस्थानातील गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला, त्यात सात जण हुतात्मा झाले. त्यानंतर धरपकड झाली आणि अनेक कार्यकर्ते भूमिगत झाले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर भूमिगतांवरची वॉरंटे मागे घेण्यात आली आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील उघडपणे लोकांत आले. प्रतिसरकारच्या माणसांवर दरोडे आणि मारहाण यांचेही गुन्हे होते, म्हणजे प्रत्यक्षात ही सार्वत्रिक माफीच. फक्त तसे कोणी म्हटले नाही. करवीर संस्थान मात्र मुंबई प्रांतात नव्हते. मुंबईचा आदेश वारणेच्या अलीकडे आपोआप लागू होत नव्हता, संस्थानच्या गुन्ह्यांची माफी संस्थाननेच द्यायची होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले, तेव्हा ही दुहेरी हद्द संपली.

आजच्या कोल्हापुरात माफीचा रोजचा अवतार म्हणजे ‘आंदोलकांवरील गुन्हे मागे घ्या’ ही मागणी. ऊसदराचे आंदोलन, टोलविरोधी लढा, मराठा आरक्षणाचे मोर्चे : मागण्यांच्या निवेदनात शेवटचे कलम बहुधा हेच असते. टोलचे उदाहरण शहराला पाठ आहे. शहरातील रस्ते खासगी कंपनीकडून करून घेऊन त्यांवर टोल बसवण्यात आला, त्याविरुद्ध एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आदींच्या पुढाकाराने सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. आता पेच असा की टोल चूक होता हे सरकारने मान्य केले, तर तो न भरणाऱ्यांवरचे आणि मोर्चेकऱ्यांवरचे गुन्हे कोणत्या तोंडाने चालवायचे? पण नाका जाळणे आणि टोल न भरणे यांना एकाच मापाने मोजावे काय, याचे उत्तर तितके सोपे नाही.

खटला मागे घेण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. मंत्रिमंडळाने घोषणा केली म्हणून खटला संपत नाही. सरकारी वकिलाने स्वतंत्र विचार करून अर्ज द्यावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. राज्य सरकारचे याबाबतचे निर्णय निघतात त्यांत जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचे नुकसान ठरावीक रकमेच्या आत असावे, अशा अटी असतात. २८ जुलै २०२१ रोजी केरळ विधानसभेतील तोडफोडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मागे घेऊ देण्यास नकार दिला, आणि १० ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने आजी-माजी खासदार-आमदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीविना मागे घेण्यास मनाई केली. आंदोलनात पुढारी आणि कार्यकर्ता यांची नावे एकाच प्रथम खबरी अहवालात असतात; या आदेशानंतर कार्यकर्त्याची वाट पुढाऱ्यापेक्षा सोपी झाली, असे क्वचितच घडणारे चित्र दिसते.

नक्षलवाद्यांसाठी महाराष्ट्रात २००५ पासून आत्मसमर्पण योजना आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या नक्षलवादी नेत्याने साठ सहकाऱ्यांसह शस्त्रे ठेवली. अशा योजनेत पुनर्वसनाची रक्कम असते, पण खटले आपोआप संपत नाहीत. म्हणून तिला पूर्ण माफी म्हणणे चूक.

वैयक्तिक दयेच्या बाबतीतही कोल्हापूरचे नाव कायद्याच्या पुस्तकांत गेले आहे. १९९० ते १९९६ या काळात लहान मुलांचे अपहरण आणि खून केल्याच्या प्रकरणात कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने जून २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी ती कायम केली. दयेचे अर्ज फेटाळले गेले. राष्ट्रपतींचा नकार जुलै २०१४ चा. तरीही १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अर्जांच्या निकालाला झालेल्या अक्षम्य विलंबापायी शिक्षा जन्मठेपेत बदलली. फायली हलल्या नाहीत त्या सरकारी यंत्रणेच्या ढिलाईने, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. शत्रुघ्न चौहान प्रकरणात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला हा निकष : फाशीच्या छायेत वर्षानुवर्षे ठेवणे हीच एक छळवणूक. इथे कोणी दया केली नाही. दप्तरदिरंगाईने जीव वाचवला, आणि मुलांच्या आईवडिलांच्या वाट्याला मात्र तीच दिरंगाई न्याय म्हणून आली.

मानवी हक्कांच्या चर्चेत सार्वत्रिक माफीवरचा मुख्य आक्षेप राज्यकर्त्यांनी स्वतःला दिलेल्या माफीवर आहे. चिलीच्या लष्करी राजवटीने १९७८ मध्ये असाच हुकूम काढला. अर्जेंटिनाने १९८६-८७ मध्ये केलेले दोन कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अवैध ठरवले. पेरूच्या बारिओस आल्तोस खटल्यात (२००१) आंतरअमेरिकी न्यायालयाने अशा माफीला कायदेशीर परिणाम नाही असा निर्णय दिला. दक्षिण आफ्रिकेने उलट टोक गाठले : सत्य व सलोखा आयोगापुढे पूर्ण कबुली देणाऱ्यालाच माफी, तीही माणसागणिक. सुमारे सात हजार अर्जांपैकी मंजूर झाले ते थोडेच. आपल्याकडे जालियनवालानंतर १९१९ मध्ये अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला होता, आणि लष्करी कायदा जारी असताना केलेल्या कृत्यांना संसदेने असे संरक्षण देण्याची सोय अनुच्छेद ३४ मध्ये शिल्लक आहे.

करांच्या बाबतीत हीच कल्पना ‘अभय योजना’ म्हणून येते. विक्रीकराची थकबाकी, मुद्रांक शुल्क (डिसेंबर २०२३ ची योजना १९८० ते २०२० मधील दस्तांसाठी होती), महापालिकांचा घरफाळा आणि पाणीपट्टी यांवरचा दंड त्यात कमी होतो. वेळेवर घरफाळा भरणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, हे महापालिकेच्या सभेत प्रत्येक वेळी कोणीतरी बोलून दाखवते, आणि पुढच्या मार्चअखेर योजना पुन्हा येते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील आमदार-खासदारांवरचे खटले मागे घेण्याच्या परवानगीचे अर्ज आणि शिक्षामाफीच्या याचिका यांसाठी मुंबईला जाण्याची गरज त्यामुळे बरीच कमी झाली.