‘दर्शनी उपजीविका’ : एका संशोधन-प्रस्तावाची पूर्वपीठिका

संशोधन-प्रस्तावातील ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे प्रकरण बहुधा सर्वांत शेवटी आणि सर्वांत निष्काळजीपणे लिहिले जाते. दहा-वीस ग्रंथांची नावे, प्रत्येकाच्या वाट्याला दोन वाक्ये, आणि अखेरीस ‘या विषयावर पुरेसे काम झालेले नाही’ हे ठरलेले विधान. मुंबई इलाख्यातील तथाकथित ‘गुन्हेगार जमातीं’चा गुन्हेशास्त्राच्या अंगाने अभ्यास करण्याचे ठरले, तेव्हा आम्हीही याच वाटेने निघालो होतो. आमचा पहिला प्रश्न होता : या जमाती गुन्हेगारीकडे का वळल्या? आढावा निम्मा होण्याआधीच तो प्रश्न आम्हांला खोडावा लागला.

१८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब यांपुरता होता. मुंबई इलाखा त्याच्या कक्षेत आला तो १९११च्या कायद्याने. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९०८ साली, मुंबईचे पोलीस महानिरीक्षक एम. केनेडी यांचे इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवरील टिपणांचे पुस्तक सरकारी छापखान्यातून निघाले होते. म्हणजे येथे पुस्तक आधी आले, कायदा मागून. पुस्तकाचा साचा पक्का आहे. वस्तीची ठिकाणे, शिरगणतीतील संख्या, पेहराव, बोली, वेषांतरे, गुन्ह्याची रीत, चोरीचा माल दडवण्याच्या जागा, अशा मथळ्यांखाली एकेक जमात मांडली आहे. त्यांतला एक मथळा साहित्याच्या विद्यार्थ्याने जरूर थांबून वाचावा. उपजीविकेच्या साधनांची नोंद तेथे ‘दर्शनी’ या विशेषणासह येते. कोणी टोपल्या विणतो, कोणी मीठ वा धान्य वाहतो, कोणी गुरे विकतो. पण ते सारे दर्शनी. या एका विशेषणाने माणसाचे कष्ट पुराव्यातून बाद झाले, आणि जो दिसतो तो धंदा खरा नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावरच उरली नाही.

अशा पोलिसी पुस्तिका एकमेकींच्या आधाराने लिहिल्या जात. एकाचे अनुमान दुसऱ्याची माहिती होई आणि तिसऱ्याचा पुरावा. ही खोड केवळ साहेबांची होती असे मात्र नव्हे. ‘गावगाडा’ (१९१५) हा ग्रंथ आपण मराठी समाजशास्त्राचा आरंभ म्हणून गौरवतो, त्याच त्रिं. ना. आत्रे यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘गुन्हेगार जाती’ असे आहे. आणि सहानुभूतीने लिहिणारेही यातून सुटलेले नाहीत. जातीचा धंदा वंशपरंपरेने चालतो तसा गुन्हाही चालतो, हे १८७१च्या कायद्याचे समर्थन कोणा ‘टी. व्ही. स्टीफन्स’ यांच्या नावावर ठिकठिकाणी उद्धृत झालेले आम्हांला आढळले. त्या वेळी विधिसदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. मूळ कामकाज उघडून न पाहता नाव पुढे सरकत गेले असावे. अन्यायाविरुद्ध लिहितानाही आपण नकलाच करीत असू, तर केनेडींना दोष देण्याचा अधिकार थोडा कमी होतो.

या परंपरेला छेद देणारे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी १९६९मध्ये ठगांविषयीच्या समजुतींची उलटतपासणी केली. आनंद यांग यांनी संपादिलेला ग्रंथ १९८५चा, संजय निगम यांचे निबंध १९९०चे. मीना राधाकृष्ण यांचा २००१चा ग्रंथ मद्रास इलाख्यातील कोरवांविषयी आहे. रेल्वे आणि सरकारी मीठधोरण यांनी या फिरत्या व्यापाऱ्यांचा धंदा कसा बुडवला हे त्यांनी दाखवले. केनेडींच्या ‘दर्शनी’ला याहून चोख उत्तर नाही. तथापि मद्रासचे निष्कर्ष जसेच्या तसे सोलापुरावर चिकटवणे ही पुन्हा नक्कलच ठरेल.

म्हणून प्रस्तावाचा प्रश्न आम्ही बदलला : सोलापूरच्या सेटलमेंटच्या पटावर कोणाचे नाव कसे चढले आणि ते कसे उतरले? कालखंड १९११ ते १९५२. साधने तीन : राजपत्रांतील अधिसूचना, पोलिसांचे वार्षिक अहवाल आणि आत्मकथने. अहवालांतील आकड्यांबाबत एक पथ्य पाळावे लागेल. हजेरी चुकवणे, परवान्यावाचून गाव सोडणे हेही या कायद्याने गुन्हेच होते. ते चोरी-दरोड्यांपासून वेगळे काढले नाहीत, तर कायद्यानेच निर्माण केलेला गुन्हा कायद्याच्या समर्थनार्थ मोजला जाईल. शिवाय त्याच तालुक्यांतील, तितक्याच दरिद्री पण पटावर नसलेल्या लोकांशी तुलना हवी. तिच्यावाचून ‘प्रवृत्ती’ या शब्दाला अर्थ नाही.

आत्मकथनांविषयी आमच्यात मतभेद झाला, आणि तो पुरता मिटलेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) चोरीही आहे आणि पोलिसांचा छळही. गुन्हेशास्त्राचा अभ्यासक पहिली गोष्ट कबुलीजबाब म्हणून टिपून घेईल आणि दुसरी तक्रार म्हणून बाजूला ठेवील, अशी आमच्यातील काहींना भीती वाटते. ती अनाठायी नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) किंवा भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ ही पुस्तके तपशिलांची खाण म्हणून उपसायची, तर तीही नवी पोलीस-पुस्तिकाच होईल. ही पुस्तके साक्षीदार म्हणून नव्हे, तर आधीच्या अभ्यासांचे परीक्षण म्हणून, म्हणजे आढाव्याच्या प्रकरणातच घ्यावीत, असे तूर्त ठरले आहे.

कायदा १९५२मध्ये रद्द झाला, पण १९५९मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत तर जुने वर्गीकरण इतके मुरले होते की, जातीनुसार काम वाटणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४मध्ये घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या. सेटलमेंटच्या पटांवर नावे होती, बोटांचे ठसे होते. त्या घरांतील नातवंडे आज हयात आहेत. प्रस्तावात आम्ही नोंद केली आहे की, पटावरील एकही नाव छापले जाणार नाही. त्यामुळे तक्त्यातील पहिला रकाना, जेथे नाव येते, तो आम्ही रिकामा ठेवला आहे.